तारांमागचा घास

सातारा,
रविवार, १४ जुलै १९९६

प्रिय जयराज,

तुझ्या पलटणीच्या पत्त्यावर मी शेवटचं पत्र टाकलं त्याला तीन वर्षं झाली. उत्तर आलं नाही, म्हणून मीही लिहिलं नाही. तू ऋचाला लिहितोस, तिच्या आजीला सांगलीला लिहितोस, आणि माझ्या वाट्याला ऋचाच्या पत्राच्या तळाशी 'आत्याला नमस्कार' एवढे दोन शब्द येतात. मागच्या खेपेला दारात बूट घालताना तू म्हणाला होतास, "अक्का, तुझ्याशी बोलायला बसलं की सभेला बसल्यासारखं वाटतं. शेवटी टाळ्या वाजवायच्या का उठून जायचं, कळत नाही." तू उठून गेलास. तुझी बायको जाताना शेवटी काय म्हणाली एवढंच तुला विचारायचं होतं, आणि मी तुला देवऋषी आणि भोळा समाज यावर अर्धा तास ऐकवलं. ते बरोबर नव्हतं. पण ते राहू दे.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुझ्या सासूचा, बनुबाईंचा, निरोप आला. दिवाळीच्या रजेत तू येणार, आणि ऋचानं इथं साताऱ्यात माझ्याकडे राहायचं की सांगलीला आजीकडे, हे कायमचं ठरवणार. मी आडवळणानं लिहिणार नाही, मला ती हवी आहे. पाच वर्षांची होती तेव्हापासून आठ वर्षं मी तिला वाढवलं. माझा संसार नाही. शाळा आहे, व्यासपीठं आहेत, पुस्तकं आहेत आणि ती आहे. तिचं इथं काही कमी होत नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

ताजी गोष्ट म्हणजे तिच्या दातांना तारा बसवल्या. वरचे दात पुढे येत होते, शाळेत पोरी चिडवत होत्या. साताऱ्यात हे काम करणारा माझ्या माहितीत कोणी नाही, सांगलीत डॉक्टर सौमित्र म्हणून एक तरुण माणूस करतो. महिन्यातून एकदा एसटीनं जायचं, तारा आवळून घ्यायच्या, रात्रीपुरतं बनुबाईंकडे राहायचं आणि परत यायचं. दीड-दोन वर्षं लागतील म्हणतो.

आणि आता मला तुझ्याशी जेवणाबद्दल बोलायचं आहे. हसू नकोस. आयुष्यभर मी हा विषय बायकांच्या गळ्यातलं लोढणं मानला, पण गेले दहा दिवस मी दुसरं काही वाचलेलं नाही. तारा बसवल्या की पहिले चार दिवस सगळा जबडा ठणकतो. मऊ भात, मेतकूट, पातळ पिठलं, उकडलेलं रताळं, ताकातल्या कण्या. भाकरी दुधात भिजवून. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, घास बारीक करून दाढांकडे सरकवायचा. पेरू खायचा तर सुरीनं पातळ फोडी करून. भाजलेले शेंगदाणे, चिक्की, मक्याचं कणीस आणि उसाची कांडी दोन वर्षं बंद. ऊस लावणाऱ्या घरातल्या पोरीला ऊस बंद, काय म्हणशील. गालाला तार घासली तर डॉक्टरांनी मेण दिलं आहे, त्याची गोळी करून तारेवर दाबायची. जेवण झालं की मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ. हे सगळं मी स्वतः करते. स्वयंपाक मला कधी आला नाही हे तुला माहीत आहे, पण भात मऊ करायला विद्वत्ता लागत नाही.

एक गंमत झाली. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "आत्या, माझं ताट मधल्या खोलीत दे." तोंड वेडंवाकडं होतं म्हणून लाजत असेल. दिलं. भिंतीकडे तोंड करून बसली आणि पंधरा मिनिटांत चाटूनपुसून ताट परत. डॉक्टर म्हणाले होते चार दिवस दुखेल, हिनं अर्धी भाकरी संपवली. ताटाच्या तळाला दुधाचा पापुद्रा होता आणि त्यात वाटीच्या बुडाचे गोल ठसे, भाकरी वाटीनं रगडल्यासारखे.

मी म्हटलं, "छान युक्ती काढलीस."

"मी नाही रगडली," ती म्हणाली.

ताटात मी वाटी दिली नव्हती, हे भांडी घासताना लक्षात आलं. तिनं फळीवरून घेतली असेल.

तुझी,
अक्का

सातारा,
रविवार, ४ ऑगस्ट १९९६

प्रिय जयराज,

उत्तर नाही. असू दे, तिकडे टपाल उशिरा पोचतं.

ऋचाचं वजन दीड किलोनं वाढलं. तारा बसवल्यावर पोरं वाळतात म्हणे. तू ठरवताना हे ध्यानात घ्यावंस.

एका गोष्टीनं मात्र मी हैराण आहे. ती माझ्यासमोर तोंड उघडत नाही. बोलते, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांवर ठेवून. हसते ओठ मिटून. वर्गात माझ्याच तासाला मी कविता म्हणायला उभी केली तर आवाज दातांच्या फटीतून आला आणि सगळ्या मुली गप्प झाल्या. चिडवणाऱ्या पोरीसुद्धा गप्प झाल्या. मी सांगलीला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, तारा दातांना असतात, जबड्याला नाही. तोंड उघडायला त्यांची काही हरकत नसते."

मग मी तिला समोर बसवलं. "ऋचा, तोंड उघड."

"उघडत नाही, आत्या."

"डॉक्टर म्हणतात उघडतं."

"डॉक्टरांना काय माहीत?"

हे ती उद्धटपणे म्हणाली असती तर मी रागावले असते. ती अगदी समजुतीनं बोलत होती, जणू मीच लहान आहे. आणि ताट मात्र रोज रिकामं. मला दिसतं ते एवढंच. मी भाकरी, भात, वरण वाढते, ती मधल्या खोलीत जाते, भिंतीकडे तोंड करते. नंतर तळाला ते गोल ठसे असतात. मी सगळ्या वाट्या उचलून कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. ठसे असतातच.

तुला आठवत असेल, तुझी शालू, ऋचा दोन वर्षांची असताना, लेकीची भाकरी अशीच करायची. दूध घालून, वाटीच्या बुडानं रगडून. मुलांच्या हाताला जुन्या सवयी आठवतात, मेंदूला आठवत नसल्या तरी. यावर बरंच लिहिलं गेलंय आणि मी वाचलं आहे.

शालूचा विषय निघालाच म्हणून. बनुबाई अजून चार लोकांत म्हणतात की लेकीला वेळेवर यमाईकडे नेलं नाही म्हणून देवी कोपली आणि ती गेली. तुझ्या मनात तसलं काही असेल तर काढून टाक. धनुर्वाताला देवी काय करणार? उसाचा बुडखा पायात शिरला, नऊ दिवसांनी जबडा धरला, आणि मी तिला ताबडतोब साताऱ्याला हलवलं. ताबडतोब. हे तुला माहीतच आहे.

अक्का

सांगली,
सोमवार, २६ ऑगस्ट १९९६

प्रिय जयराज,

हे बनुबाईंच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. एसटीला अजून दोन तास आहेत. ऋचा आत झोपली आहे.

सकाळी दवाखान्यात तमाशा झाला. तारा आवळायच्या होत्या. ऋचा खुर्चीत बसली, दिवा तोंडावर आला, आणि दात घट्ट. डॉक्टरांनी लाडीगोडी लावली, आरसा दाखवला, खालच्या जबड्याला हलकेच बोट लावून पाहिलं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का? गणेशोत्सवात तुमचं भाषण ऐकलंय मी. तुमच्यासमोर तोंड उघडायला मलाही भीती वाटते."

मी हसून बाहेर आले. दार लोटायच्या आत त्यांचा आवाज ऐकला, "हां, शाब्बास. केवढं उघडलंस बघ." तेवढंच. मी बाहेर पडले आणि तोंड उघडलं. मधे कसलीच समजूत काढावी लागली नाही.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी तिला कोण भरवतं?"

"कोणी नाही. तेरा वर्षांची आहे."

"अहो, मी म्हटलं शेंगदाणे खात नाहीस ना, तर म्हणाली, ती मला कडक काही भरवतच नाही. मला वाटलं तुम्ही." मग हसले. "काही असो, इतक्या स्वच्छ तारा मी कोणाच्या पाहिल्या नाहीत. जे करताय ते चालू ठेवा."

हे मी बनुबाईंना सांगितलं नव्हतं. पण दुपारी ऋचा जेवून उठली आणि म्हातारी माझ्याशेजारी येऊन टेकली. तुझ्या सासूचं माझ्याशी कधी पटलं नाही, तरी त्या मला मास्तरीणबाई म्हणतात, त्यात मान किती आणि टोमणा किती हे मी आजवर मोजू शकले नाही.

"मास्तरीणबाई, लेकरू तुमच्याम्होरं त्वांड का उघडंना?"

"वय आहे. लाजते."

"लाजती व्हय? माझ्याम्होरं तर बचाबचा जेवती. भित्तीकडं बघून का हुईना."

"तुमच्याकडेही भिंतीकडे बघून?"

"आवं, मी काय इचारत न्हाई. जेवताय न्हवं, जेवा." म्हातारीनं 'जेवताय' म्हटलं, 'जेवतीय' नाही, एकापेक्षा जास्त जणींना म्हणावं तसं. मी चमकून पाहिलं तर त्या तांदूळ निवडत होत्या. "नवमीला शालूचा म्हाळ घालतीया. आठ वर्सं तुमास्नी बोलावतीया, तुमी येत न्हाई. औंदा या."

मी नाही म्हटलं. पितरांना जेवू घालण्याच्या विरोधात मी या जिल्ह्यातल्या चाळीस गावांत बोलले आहे. जिवंतपणी ज्यांना धड खायला मिळालं नाही त्यांच्या नावानं मेल्यावर पंगती उठवणं हा ढोंगीपणा आहे, हे वाक्य माझं आहे, लोक ते माझ्या नावानं सांगतात.

बनुबाई म्हणाल्या, "त्येच म्हंती मी. जित्तेपणी मिळालं न्हाई म्हणूनच घालायचं असतं."

मी पिशवीतून कागद काढला आणि हे तुला लिहायला बसले.

अक्का

सातारा,
रविवार, १५ सप्टेंबर १९९६

जयराज,

मी जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. त्यावर मत देत नाही.

आज सुट्टी. दुपारी साडेबाराला ऋचाचं ताट वाढलं. मऊ भात, पालेभाजीचं गरगटं, थोडं तूप. ती मधल्या खोलीत गेली. आठ दिवस मी ठरवत होते, आज केलं. परसात जाऊन मधल्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले. ऊन स्वच्छ होतं. खोलीत ऋचाशिवाय कोणी नव्हतं, दोन्ही दारं मला दिसत होती.

माझ्याकडे तिची पाठ. तिची दोन्ही कोपरं मांडीवर टेकलेली आणि स्थिर. मान किंचित वर, पाखराच्या पिलासारखी. जबडा उघडत होता, मिटत होता, चावत होता. पुन्हा उघडत होता. कोपरं हलत नव्हती. ताट तिच्या पुढ्यात होतं आणि तिच्या अंगाआड होतं, ते मला दिसलं नाही. मी मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजलं, तेवढ्यात सहा घास झाले. मग भांड्यावर भांडं घासल्याचा आवाज आला, वाटीनं काहीतरी रगडताना येतो तसा. आणि चावण्याचा आवाज दोन ठिकाणांहून येत होता. एक तारांचा, किंचित किणकिणणारा. दुसरा साधा.

मी दारातून आत गेले. ऋचा वळली. तोंड मिटलेलं, ताट रिकामं, आणि तिचे दोन्ही हात कोरडे. मी हातात घेऊन पाहिले. बोटांना भाताचं शीत नाही, तुपाचा ओशटपणा नाही.

"तुला कोण भरवतं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण व्यासपीठावरचा नव्हता.

"जिला कोणी भरवलं नाही ती," ऋचा दात न उघडता म्हणाली.

मी तिला खांद्याला धरून हलवलं. मी तसं करायला नको होतं. "तोंड उघड. माझ्यासमोर उघड. आत्ता."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी माझ्या ढबीत, शब्द तोडून तोडून म्हणाली, "भूक लागली की उघडेल तोंड."

हे वाक्य तिनं कुठं ऐकलं असेल, मला सांगता येत नाही.

अक्का

(आंतर्देशीय पत्र)

सातारा,
शनिवार, २८ सप्टेंबर १९९६

जयराज,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सांगता येत नाही असं नाही, सांगायचं नव्हतं. ते वाक्य माझं आहे. मी ते एकदाच म्हटलं आहे, औंधाजवळच्या आपल्या घरात, आतल्या खोलीत, दार लावून. खोलीत मी आणि शालू होतो. ऋचा बाहेर ओसरीवर चिंचोके खेळत होती, पाच वर्षांची. दारातून ऐकू गेलं असेल. पाच वर्षांचं मूल ऐकतं, साठवतं. यात अशक्य असं काही नाही. कोरड्या हातांचं मात्र मला समजत नाही.

ताबडतोब हलवलं हेही खरं नाही. अर्धा दिवस गेला होता.

ऋचा गेले दोन आठवडे माझ्याशी बोललेली नाही. जेवते. वजन वाढतंच आहे.

अक्का

सातारा,
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६

प्रिय जयराज,

हे पत्र रजिस्टर्डनं पाठवते आहे, पोचपावती मागून. तुला मिळालं नाही असं मला स्वतःशी म्हणता येऊ नये.

अर्धा दिवस नव्हे. दीड दिवस.

अठ्ठ्याऐंशीची दिवाळी. मी सुट्टीला गावी गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "वन्सं, त्वांड उघडंना. जबडा धरलाय." तासाभरात आळीतल्या बायका जमल्या. दातखिळी बसली, बाहेरचं आहे, यमाईला न्या, अंगारा लावा. तुझी बहीण त्याच महिन्यात अंगात येण्याच्या प्रकारांवर तीन गावं गाजवून आली होती. मी दारात उभी राहिले आणि बायकांना ऐकवलं. नवरा वर्षानुवर्षं सीमेवर, घरात मन मोकळं करायला कोणी नाही, अशा बाईचं दबलेलं मन शरीरातून बोलतं, त्याला भूत म्हणतात आणि बाईला आणखी छळतात. शब्द न् शब्द मी वाचलेला होता. भाषण चांगलं झालं. बायका परत गेल्या. शेजारची रंगूबाई तेवढी आंबिलीचा गडू घेऊन थांबली, म्हणाली, ओठांच्या फटीतनं वतती थोडी. तिच्या दुसऱ्या मुठीत अंगारा होता, म्हणून मी तिलाही घालवली.

मग मी शालूला आतल्या खोलीत निजवलं. अशा रुग्णाकडे फार लक्ष दिलं की लक्षणं बळावतात, हेही मी वाचलं होतं. कोणी आत जायचं नाही, कोणी भरवायचं नाही असं सांगितलं. ती मला खुणेनं पाणी मागत होती. मी म्हटलं, तोंड उघडून माग. ती म्हणाली उघडत नाही. मी म्हटलं, भूक लागली की उघडेल तोंड.

भुताला मी इतकी घाबरत होते, जयराज, की आजार मला दिसलाच नाही. भुताला म्हणजे भूत आहे याला नव्हे, कोणी भूत म्हणेल याला. पायाला बुडखा लागल्याचं ती मला चार दिवसांपूर्वी बोलली होती. मी ते विचारातच घेतलं नाही. बायका चूक होत्या, मी त्यांना चूक ठरवलं, आणि मला वाटलं की तेवढ्यानं मी बरोबर ठरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं अंग धनुष्यासारखं वाकलं तेव्हा मी जीप आणवली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काल का नाही आणलं?" मी केसपेपरवर सही केली. तुला कधी सांगितलं नाही. शालू शेवटी काय म्हणाली ते तू विचारायचास, आणि मी व्याख्यान द्यायचे, कारण शेवटी ती काही म्हणालीच नाही. मला ऐकू आलेलं तिचं शेवटचं वाक्य 'उघडत नाही' एवढंच होतं, पाणी मागतानाचं.

आता परवाचं सांगते.

रविवारी नवमीला मी ऋचाला घेऊन सांगलीला गेले. म्हाळाला म्हणून नव्हे. पूजेला मी बसले नाही, पिंडाला हात लावला नाही, आणि कधी लावणार नाही. पण पोरगी तीन आठवडे माझ्याशी अबोल, आणि माझ्याच घरात मला मधल्या खोलीत जायची भीती. मी ठरवलं होतं की ज्यांना सांगायचं त्यांना एकदा सांगून टाकायचं.

दुपारी बनुबाईंनी सवाष्णींना वाढलं, त्या जेवून गेल्या. मग ऋचाचं ताट. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिच्या पाठीशी बसले. बनुबाई दाराशी. जयराज, मी दहा-दहा हजार माणसांपुढे कागदाशिवाय बोलले आहे. त्या पाठमोऱ्या पोरीपुढे मला पहिला शब्द सापडायला इतका वेळ लागला की ताटातली खीर गार झाली. मग तुला वर लिहिलं ते सगळं सांगितलं. गाळलं नाही.

ऋचानं न वळता विचारलं, "आईनं पाणी मागितलं होतं?"

"हो."

"दिलंस?"

"नाही."

मी बनुबाईंकडे पाहिलं. मला वाटलं म्हातारी मला घराबाहेर काढेल, आणि तिनं काढावं असंही वाटलं. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आठ वर्सं मी त्या यमाईला शिव्या घालतीया. वाटेनंसुदिक जात न्हाई तिच्या. उगाच घातल्या बघा." मग उठल्या, आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. माझ्याशी त्या नंतर एक शब्द बोलल्या नाहीत.

ऋचा वळली. ताट घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भरव."

मी पुरीचा तुकडा खिरीत बुडवून मऊ केला. बारीक, दाढेकडे जाईल एवढा. तिनं तोंड उघडलं. पूर्ण. दोन महिन्यांनी मी तिच्या तोंडात पाहिलं. तारा स्वच्छ होत्या, दात बरेच आत आले होते. ती सावकाश चावत होती आणि माझ्याकडे पाहत होती, आणि मी एक एक घास देत होते. माझे हात कोपरापर्यंत ओशट झाले. काल दवाखान्यात ती माझ्यासमोर तोंड उघडून बसली. डॉक्टर म्हणाले, जबडा उत्तम आहे.

शालूला लगेच नेलं असतं तर ती वाचली असती का? कदाचित नसती. हा आजार फार जणांना सोडत नाही. पण तहानलेली गेली नसती. अंगारा लावून ती वाचली नसती, हे मी आजही दहा हजार माणसांपुढे सांगेन. एवढंच, की आता त्याबरोबर दुसरी गोष्टही सांगावी लागेल, आणि ती सांगितल्यावर लोक मला बोलावतील की नाही हे मला माहीत नाही.

तू दिवाळीला येशील तेव्हा ऋचाला सांगलीला ठेवायचं ठरवलंस तर मी वाद घालणार नाही. जुलैत मी तुला लिहिलं होतं की मला ती हवी आहे. आज तसं लिहायचा मला अधिकार नाही. मला भेटायचं नसेल तर परस्पर सांगलीलाच उतर, तिचं सामान मी पोचवीन.

हे मी तिलाही सांगितलं, काल परतीच्या एसटीत. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती. तिच्यासाठी केळी घेतली होती, ती तुकडे करून खात होती. मी म्हटलं, "तुझ्या बाबांना मी सगळं लिहिणार आहे. मग ते विचारतील तुला, कुठं राहायचं. तू मनात येईल ते सांग. माझा विचार करू नकोस."

"साताऱ्याला," ती म्हणाली, लगेच.

मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण मला रडू येईल असं वाटलं. इतकं करूनही पोरगी माझ्याकडे राहते म्हणते.

"खरंच?"

"हो. आम्ही दोघी साताऱ्यालाच राहणार. आजीकडे आता नको, तिथं झालं आमचं." तिनं केळ्याचा तुकडा दाढेकडे सरकवला, नीट, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. "तुला भरवता येतं आता."

दोघी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर मी प्रश्न विचारत आले, प्रश्न विचारा असं पोरींना शिकवत आले, आणि तो एक प्रश्न मी विचारला नाही. गाडी सुटली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या पलीकडची जागा साताऱ्यापर्यंत रिकामी होती. कराडला गाडी खच्चून भरली, माणसं उभी राहिली, पण तिथं कोणी बसलं नाही.

आज शाळेतून आले. ऋचा मधल्या खोलीत अभ्यास करते आहे, मधेच काहीतरी बोलते, थांबते, हसते. दार उघडं आहे. तोंड उघडून हसते. हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी उठून चूल पेटवली, तांदूळ धुतले आणि तिघींचा भात टाकला.

तुझी,
अक्का